गुलाबभाऊंची चार बोटं

गुलाबभाऊंच्या दुकानात खुर्ची नव्हती. स्टूल नव्हतं, बाकडं नव्हतं, पालथं घातलेलं टोपलंसुद्धा नव्हतं. गिऱ्हाईक बसायला जागा शोधू लागलं की ते माझ्या दुकानाकडे बोट दाखवायचे. पंधरा-सोळा वर्षं त्यांची गिऱ्हाइकं माझ्या खुर्च्यांवर बसली, माझ्या माठातलं पाणी प्यायली, आणि त्यांतल्या निम्म्यांनी माझ्याकडून एक साधं स्टिकर कधी घेतलं नाही. माझं दुकान रेडियमचं. गाड्यांच्या नंबरप्लेटा, ट्रकमागची चमकती अक्षरं, देवांची नावं, पोरांची नावं, सगळं कापून देतो. त्याआधी ब्रशनं पाट्या रंगवायचो, म्हणून गुलाबभाऊ मला कायम 'पेंटर' म्हणत राहिले. ब्रश सुटून वीस वर्षं झाली, असं मी एकदा चिडून सांगितलं. ते म्हणाले, हाताले माहीत हाय ना, मंग झालं.

त्यांचं काम कमानीचं. ट्रकच्या, जीपच्या पोटाखाली चाकाजवळ लोखंडी पट्ट्यांची वाकलेली चळत असते ना, ती कमान. तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. पाटा तुटला, बसला, की गाडी एका अंगाला कलते आणि टायर खाऊ लागते. पांढरकवड्यात हैदराबादच्या रस्त्याला अशा कलत्या गाड्यांची काय कमी! बायपास झाल्यावर पुष्कळांची दुकानं थंड पडली, गुलाबभाऊंचं नाही पडलं. ट्रकवाले वाट वाकडी करून गावात यायचे.

हा माणूस बसत नसे. चहा उभ्यानं, तंबाखूचा खर्रा उभ्यानं, आणि जेवणही उभ्यानं. डबा डाव्या हातात धरून दुकानासमोर येरझारा घालत भाकरी खायचे. त्यांची बायको सेवंताबाई सांगायची, घरीसुद्धा हे खाटेला टेकतात ते फक्त झोपायला, आणि झोपेतही पाय हलवतात. समोर असा माणूस दिवसभर हिंडत असला की आपल्यालाही बसवत नाही. माझी अक्षरं तिरकी जायची, मी वैतागायचो, दुकानाला पडदा लावायचो, आणि थोड्या वेळानं मीच पडदा सारून बघायचो की आता कुठं गेले.

रस्त्यानं गाडी गेली की तुम्ही-आम्ही आत कोण बसलंय ते बघतो. त्यांची नजर चेहऱ्याकडे जायचीच नाही, चाकाकडे जायची. "डाव्या मागचा दुसरा पाटा गेला," असं स्वतःशीच म्हणायचे, तोवर ट्रक दिसेनासा झालेला असायचा. एकदा मी म्हटलं, ट्रक तर गेला, तुमचं खरं की खोटं कळणार कसं? त्यावर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी तोच ट्रक परतीच्या वाटेवर त्यांच्याच दारात आला. खोलून पाहिलं तर दुसरा पाटा दोन तुकडे. त्यातला एक तुकडा त्यांनी माझ्या काउंटरवर आणून ठेवला आणि निघून गेले. अजून आहे माझ्याकडे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो.

ते तांड्यावरचे. त्यांच्या पणज्याच्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून दूरदूर न्यायचे, त्याला लदेणी म्हणत. हे सगळं त्यांनी ऐकलेलं, पण सांगायचे असं की जणू स्वतः चालत गेले होते. बैलाच्या दोन्ही अंगांच्या गोण्या तोलून सारख्या भरायच्या. एका बाजूला चार मुठी मीठ जास्त झालं तरी मुक्कामापर्यंत पाठ सोलायची. "बैल बोलत नाई पेंटर," ते म्हणायचे, "तो पाय आपटते. गाडीबी पायच आपटते. आपल्याले आयकू आलं पाह्यजे."

मोजायला त्यांनी कधी पट्टी वापरली नाही. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात जी फट असते, तिच्यात ते बोटं आडवी घालायचे. कारला चार बोटं, जीपला वीत, ट्रकला वीत आणि वर चार बोटं. उजव्या बाजूला उजवा हात, डाव्या बाजूला डावा. खाली वाकायचं, हात घालायचा, डोळे मिटायचे, आणि मग "सूतभर उतरव" असं घण मारणाऱ्या रहीमचाचांना सांगायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रहीमचाचा त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, कानानं थोडे कमी. त्यामुळे सूतभर उतरव हे वाक्य आमच्या अख्ख्या ओळीला ऐकू जायचं.

दुकान नवं होतं तेव्हा ते माझ्याकडे पाटी करायला आले. अक्षरं नको म्हणाले. ड्रायव्हर दहा भाषांचे, कोण वाचतो? माझ्या काउंटरवर कागद पसरला, त्यावर उजवा हात ठेवला आणि म्हणाले, याच्या कडेकडेनं पेन्सिल फिरव. मी त्या खाक्यावरून लाल रेडियमचा हात कापला, बरोबर तेवढाच, आणि त्यांच्या शटरच्या उजव्या अंगाला भिंतीवर चिकटवला. तीच पाटी. लाल पंजावाला मिस्त्री कुठं, असं विचारत आंध्रातले ट्रकवाले यायचे. चिकटवून झाल्यावर गुलाबभाऊंनी त्यावर हात ठेवून पाहिला. चारी बाजूंनी दोऱ्याएवढी लाल कड दिसत होती. त्यांना ती फार आवडली. कितीतरी दिवस शटर उघडताना ते हात ठेवून बघायचे.

दुसरी त्यांची खोड म्हणजे भरलेली गाडी. रिकाम्या गाडीचं माप त्यांना मान्यच नव्हतं. "रिकामी त नवरीबी सरळच उभी राह्यते," म्हणायचे, "संसार लादल्यावर पाह्यजा." एकदा पाटणबोरीच्या वाटेवर चालणारी एक प्रवासी जीप आली. ड्रायव्हर घाईत. गुलाबभाऊंनी त्याला सांगितलं, नेहमी बसतात तेवढे लोक आण, नाहीतर मी हात घालत नाही. बिचारा स्टँडवर गेला आणि चौदा माणसं भरून आला. त्यांना वाटलं गाडी सुटली. गुलाबभाऊ चारी चाकांभोवती फिरले, दोन जाड माणसांच्या जागा बदलल्या, एका म्हातारीला कोंबडीसकट पुढं बसवलं, मग सगळ्यांना उतरवून जीप जॅकवर घेतली. चौदा माणसं दोन तास माझ्या दुकानात. माठ दोनदा भरला मी. कोंबडीनं माझ्या पिवळ्या रेडियमच्या गुंडाळीवर जे करायचं ते केलं.

आणि पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कमालच केली. नवरदेवाची फुलांनी सजवलेली जीप तांड्यावर वाजतगाजत आली. सगळे नवरदेव बघत होते, हे उकिडवे बसून जीपचं मागचं चाक बघत होते. उठले, आणि बँडवाल्यांना हात दाखवून वाजवणं बंद केलं. नवरदेवाला उतरवलं. नव्या कोऱ्या सदऱ्यानिशी जीपखाली गेले आणि तुटका पाटा घेऊन बाहेर आले. मुहूर्त अर्ध्या तासानं टळला. नवरदेवाचा मामा कडाडला, तेव्हा म्हणाले की लग्न टळलं तर पुन्हा लावता येतं, पोरगी यात बसून घाट उतरणार आहे. सेवंताबाई आजही ही गोष्ट निम्मी हसत, निम्मी चिडून सांगते.

गेल्या फाल्गुनात लाल हाताची कड उन्हानं उकलायला लागली, म्हणून मी नवा कापायचं ठरवलं. जुना खाका माझ्याकडे होता, पण म्हटलं पुन्हा काढू. गुलाबभाऊंनी कागदावर हात ठेवला, मी पेन्सिल फिरवली. ते गेल्यावर सहज नवा खाका जुन्यावर ठेवला. जुळेना. बोटांच्या सांध्यांपाशी नवा हात चांगलाच बाहेर येत होता. त्यांच्या बोटातली चांदीची अंगठी आता निघत नाही, सकाळी मूठ वळत नाही, हे सेवंताबाईकडून मी ऐकलेलं होतं. डावा हात ठीक होता. आयुष्यभर हातोडी धरली ती उजव्यानं. मला सगळं कळत होतं. चार बोटांत मिळून दोन सुतांचा फरक. मी काय केलं? पेन्सिल तिरपी झाली असेल असं स्वतःला सांगितलं, नवा कागद चोळामोळा केला आणि जुन्या खाक्यावरूनच लाल हात कापून चिकटवून टाकला. ट्रकला दोन सुतांनी काय होतं? काही नाही. पण त्यानंतर ते कुठल्या गाडीखाली उजवा हात घालताना दिसले की माझं काम हातात राहायचं. उठायचो, त्यांच्या दारापर्यंत जायचो, आणि चुना मागून परत यायचो. मी तंबाखू खात नाही.

मग वैशाखात ती गाडी आली.

ट्रकच्या पाठीवर लादून आली, दिग्रसहून. दोन दारांची अमेरिकन गाडी, लांबलचक नाक, आखूड शेपूट, गडद हिरवा रंग, आत आठ सिलिंडरचं इंजिन. स्टिअरिंग डावीकडे. सीटच्या शिवणीत सरकीचे तंतू अडकलेले, कारण ती किती वर्षं घरच्या जिनिंग मिलच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. तिच्या मालकीण नलिनीबाई ट्रकच्या केबिनमधून उतरल्या. साठी ओलांडलेली, पातळाचा पदर कमरेला खोचलेला, पायांत बूट. ट्रकमधून बूट घालून उतरणारी बाई आमच्या ओळीनं पहिल्यांदाच पाहिली.

त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले होते. गाडी त्यांची. त्यांनी नलिनीबाईंना हजारदा शेजारी बसवलं, चालवायला एकदाही दिली नाही. बाई मिलच्या जीपवर चोरून शिकल्या होत्या. आता त्यांना ही चालवायची होती. मध्यंतरी त्यांच्या भाच्यानं हौसेनं मागे पिंपाएवढे रुंद टायर घातले होते. ते पत्र्याला घासू नयेत म्हणून खाली लांब पट्ट्या जोडून गाडी मागून उचलली होती. आता ती ब्रेक मारला की नाकावर बसायची आणि वळणावर मागून निसटू पाहायची.

गुलाबभाऊ गाडीभोवती तीनदा फिरले. वीस पावलं लांब जाऊन उकिडवे बसले, उठले, दुसरीकडून बसले. हे कुणी केलं, असं विचारलं. भाच्यानं, असं कळल्यावर भाचा ट्रॅक्टर चालवतो का, एवढंच विचारलं. बाईंनी पिशवीतून एक फोटो काढला. त्यात यजमान बॉनेटला टेकून उभे, आणि गाडी जमिनीला धरून, सपाट, चारी चाकं पत्र्याखाली नीट बसलेली. मागचे टायर थोडे रुंद, पण शोभणारे. अशी करून द्या, बाई म्हणाल्या.

गुलाबभाऊंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. "गाडीत बसतीन किती जण?"

"मी एकटी."

खर्रा थुंकायला म्हणून ते रस्त्यापर्यंत गेले आणि बराच वेळ तिकडेच फिरत राहिले.

पुढचे नऊ दिवस आमच्या ओळीत कुणाला चैन नव्हती. त्यांनी लांब पट्ट्या काढून फेकल्या. मागचे पाटे उतरवले आणि रहीमचाचांकडून घणानं वळण कमी करून घेतलं. भाच्याच्या रिमा टायरला बाहेर ढकलत होत्या, म्हणून मिलच्या गोदामातून मूळच्या रिमा शोधून आणवल्या. पुढच्या चाकांना तर स्प्रिंगच सापडेना. अर्धा दिवस गाडीखाली पडून राहिले आणि बाहेर आले ते लहान पोरासारखे हसत. पुढं कमान नाही, स्प्रिंग नाही, नुसती लांब सळई पिळून ठेवलेली, बोल्ट फिरवला की पीळ कमी-जास्त होतो आणि गाडी वर-खाली. खाटेचा सुंभ पिळून ताणावा तसं. पण खाटेसारखीच खोडही होती: पुढचा उजवा कोपरा उचलला की मागचा डावा दबायचा. बोल्ट फिरवायचा, गाडी ढकलून मागे-पुढे करायची म्हणजे ती आपल्या जागी बसते, मग हात घालायचा. उजवीकडे उजवा, डावीकडे डावा. दिवसातून पन्नास वेळा.

टायर कुठं घासतो ते बघायची त्यांची रीत अशी की तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं पत्र्याच्या आतल्या कडेला फासायचा. गाडी फिरवून आणायची. टायरवर पांढरं उमटलं की घासला. एरवी हे ते गाडी माणसांनी भरून करायचे. या वेळी नाही केलं. मी विचारलंही. ते दुसरीकडे बघत म्हणाले, त्या बाईनं एकटी म्हणून सांगितलं, आता तिच्यासमोर गाडीत चौघं कोंबून तिला काय दाखवू? नलिनीबाईंनी एकटीनं गाडी फिरवून आणली. टायर काळाच होता. बाई गेल्या तेव्हा सगळी ओळ रस्त्यावर उभी होती. त्या इंजिनाचा आवाज माझ्या काउंटरच्या काचेतून हाताला लागत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली. हळूहळू आली, आणि बाई उतरून घडलेलं सांगू लागल्या. दारव्ह्याच्या पुढं एका फाट्यावर दोन बायका आणि एक म्हातारा उन्हात उभे होते, त्यांची एसटी चुकलेली. बाईंनी त्यांना घेतलं. पुढच्या वळणावर खड्डा लागला, मागून डाव्या बाजूनं किंचाळल्यासारखा आवाज आला, निळा धूर आला आणि जळक्या रबराचा वास. थांबवून पाहिलं तर डाव्या मागच्या टायरची कड सोलून आतले धागे दिसत होते. दुसरं चाक घालून त्या एकट्या परत आल्या होत्या. सोललेला टायर त्यांनी डिकीतून काढून गुलाबभाऊंपुढं ठेवला. आवाज चढवला नाही.

"मी एकटी म्हणाली व्हती, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण उन्हात उभ्या बायाईले टाकून कशी जाऊ?"

गुलाबभाऊंनी त्या धाग्यांवरून बोट फिरवलं. मग गाडी सपाट फरशीवर घेतली आणि मागे उजव्या बाजूला उजवा हात घातला. चार बोटं. डाव्या बाजूला डावा. चार बोटं. दोन्ही बरोबर. त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. हात तर बरोबर सांगतो आहे, असं ते रहीमचाचांना म्हणाले. रहीमचाचांना ऐकू गेलं नसावं, पण त्यांनी त्या दिवशी एक शहाणपणा केला. माझ्या काउंटरवरची स्टीलची पट्टी उचलून नेली आणि मुकाट्यानं त्यांच्या हातात दिली.

उजवी बाजू दोन सूत उंच निघाली. गाडी डावीकडे कललेली होती, आणि या गाडीचा ड्रायव्हरही डावीकडेच बसतो. त्यात मागे तीन माणसं आणि खड्डा. गुलाबभाऊंनी पाच वेळा मोजलं. मग पट्टी खाली ठेवली, दोन्ही हात समोर धरून पाहिले, आणि चालत भिंतीपाशी गेले. लाल हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

लाल कड कुठंच दिसली नाही. सगळी बोटांखाली गेली होती.

ते वळले नाहीत. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "पेंटर. फागुनात तू माहा हात काढला व्हता. तवा तुले दिसलं व्हतं का नाई?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, दिसलं होतं.

"मंग?"

"मला वाटलं, पेन्सिल तिरपी झाली असेल."

"आज त्या गाडीतलं कोणी मेलं असतं," ते म्हणाले, "तवाबी पेन्सिलच म्हणाला असता काय?"

वीस पावलांवर वावरणाऱ्या माणसाला वाईट वाटेल म्हणून मी दोन-अडीच महिने गप्प बसलो, आणि याला मी माझा चांगुलपणा समजत होतो. इतकी शरम मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही. ते शटर अर्धं ओढून निघून गेले. नलिनीबाईंना मी माझ्या दुकानात बसवलं, पाणी दिलं. गाडी इथंच राहू द्या म्हणाल्या, आणि एसटीनं दिग्रसला गेल्या.

दोन दिवस शटर उघडलं नाही. सेवंताबाई सांगून गेली की घरात नुसते फिरतात, उजवा हात उशाखाली घालून झोपतात, हातच आता खोटा झाला म्हणतात. मला दुकानात बसवेना. दुसऱ्या दिवशी मी जुना खाका काढला, नंबरप्लेटची जाड अॅल्युमिनियमची पट्टी घेतली आणि त्यावरून हात कापला. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, पंधरा वर्षांपूर्वीचा. कानसीनं कडा गुळगुळीत केल्या. त्या घासताना वाटत होतं, हे बघून ते मला माझ्याच काउंटरवर हाणतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. मी तो हात त्यांच्यापुढं धरला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, बोटांच्या खाचांतून अंगठा फिरवला.

"हा कोण?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "दुकान टाकलं तेव्हाचे."

दुपारपर्यंत तो हात ऐरणीवर पडून होता आणि ते त्याच्याभोवती फिरत होते. दुपारी बघितलं तर गाडीखाली त्यांचे पाय दिसत होते, आणि एक हात बाहेर येऊन ऐरणीवर चाचपत होता. मी धावत जाऊन अॅल्युमिनियमचा हात त्यांच्या हातात दिला. उजवी बाजू उतरली. मागच्या पत्र्याची आतली कड त्यांनी ठोकून आत वळवली, म्हणजे टायरला धार लागू नये. कड सगळीकडून चुन्यानं पांढरी केली.

मग नलिनीबाईंना बोलावणं गेलं. बाई आल्या, पुन्हा बूट घालूनच. गुलाबभाऊंनी त्यांना चाकामागे बसवलं आणि म्हणाले, "बाई, आता मले तुमचं एकटेपण आयकाचं नाई. गाडी भरूनच पाह्यतो." पुढं रहीमचाचांना बसवलं. मागे उजवीकडे सेवंताबाईला, ती डबा घेऊन आलीच होती. राहिली मागची डावी जागा, बरोबर त्या टायरच्या वर. मी दाराकडे निघालो.

"तू बसून काय फायदा? तुह्यात वजन कुठं हाय," ते म्हणाले. आणि अॅल्युमिनियमचा हात माझ्या हातात देऊन, रहीमचाचांना जरा उतरवून, पुढची सीट वाकवून स्वतः आत शिरले.

मोजायचं मी होतं. माझे हात रेडियम कापणारे, सुताचा तिसरा हिस्सा चुकला तरी मला कळतं. उजवीकडे हात घातला, सरकला. डावीकडे आलो, जमिनीवर गुडघे टेकले. माझ्या डोक्यावर खिडकीत त्यांचा चेहरा होता.

"लागलं काय?"

"नाही लागलं."

"दोनी बाजूनं सारखं?"

"सारखं."

"पट्टीनं पाह्य."

मी पट्टी आणून पाहिलं. सारखं होतं. "मंग बरं," ते म्हणाले, आणि पाठ टेकली.

त्यानंतर ते दिवाळीपर्यंत दुकानात येत राहिले. तो हात खिशात असायचा, उजवीकडेही तोच आणि डावीकडेही तोच. मग मूठ वळेनाशी झाली आणि ते उमरखेडला लेकीकडे गेले. जाताना तो हात त्यांनी रहीमचाचांना दिला. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. लाल हात भिंतीवर तसाच आहे, मी खरवडू दिला नाही. मध्ये मी एकदा उमरखेडला जाऊनही आलो. पण गुलाबभाऊ म्हटलं की मला दिसते ती त्या दुपारची गोष्ट.

नलिनीबाईंनी इंजिन सुरू केलं. भरलेली गाडी वळणं घेऊन आणायची होती. दोन दारांची गाडी, रहीमचाचा उतरले असते तरच मागच्या माणसाला बाहेर पडता आलं असतं, आणि गुलाबभाऊंचं 'मले उतरू द्या' त्यांना नेहमीप्रमाणे ऐकू आलं नव्हतं. गाडी रस्त्याला लागली. ओळीतले सगळे बाहेर आले होते. चाकं कशी बसली आहेत ते बघायला मला त्यांनी इतकी वर्षं शिकवलं, पण मी चाकांकडे बघितलंच नाही. मागच्या काचेतून, बसलेल्या गुलाबभाऊंचं डोकं दिसत होतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते हललं नाही.